गोदभराईची शाल

“ओळखता ना?” बाबू त्रिलोकीनाथांनी विचारलं आणि लाल शाल शिवरानीच्या पुढ्यात टाकली.

शिवरानीनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. याच घरातून, होणाऱ्या व्याह्यांकडून, तिच्या लेकीला, कुमुदला साखरपुड्याच्या गोदभराईत आलेली शाल. तीच कोयरी, तेच काठ. लग्न तर तोंडावर आलेलं.

“काल टॉकीजच्या जनान्यात, बायकांच्या बैठकीत सापडली. दारावरची बाई बाहेर येऊन विचारत होती, कुणाची राहिली म्हणून. आम्ही तिथंच सिनेमाविरुद्ध मुर्दाबाद करत उभे!”

त्या सिनेमात दिवसा उपदेश झोडणाऱ्या भल्या माणसांची टोपी उडवलेली होती. त्रिलोकीनाथ सदाचार समितीचे अध्यक्ष. न बघताच त्यांना तो झोंबला होता.

“कुमुद गेली नव्हती, समधीजी.”

“मग शाल काय पायांनी चालत गेली?” त्यांची बायको राजेश्वरी म्हणाली. “अम्माजींनी स्वतः काश्मिरी फेरीवाल्याकडून निवडलेली. अख्ख्या इलाहाबादेत दुसरी नाही. कुमुदची घरात असेल तर आणा की. आत्ता दाखवा.”

शिवरानी काय दाखवणार? कुमुदची शाल घरात नव्हती. शेगडीची ठिणगी पडून ती जळाली होती. शगुनाची शाल जळणं म्हणजे केवढा अपशकुन! मायलेकींनी ती गुपचूप गंगेत सोडली होती. खरं सांगावं तर पोरगी अपशकुनी, गप्प राहावं तर चवचाल. इकडे आड, तिकडे विहीर.

खाटेवर त्रिलोकीनाथांच्या आई, अम्माजी, जपमाळ ओढत बसल्या होत्या. पांढरं लुगडं, वर विरलेली पांढरी चादर. थंडीनं हात लटपटत होते. तरी दुपारची मंदिरातली कथा त्या चुकवत नसत. काल तर कथा लांबली म्हणून दिवेलागणीला परतल्या होत्या.

“बोला, समधिनजी,” राजेश्वरी म्हणाली. “का जीभ पण टॉकीजमध्येच राहिली?”

शिवरानी खाली बसली आणि पदर पसरला. “कुमुदची जळाली. गंगामैयाची शपथ! शेगडी मी ठेवली होती, पोरीचा काही दोष नाही. मला हवं ते बोला, तिला पदरात घ्या.”

“हाय राम! शगुन जाळलं? आणि आता शपथा!”

“पुरे झालं,” त्रिलोकीनाथ म्हणाले. “हे लग्न मोडलं. या घरात मर्यादा लागते. आमच्या अम्माजींकडे बघा. भर तारुण्यात कुंकू पुसलं गेलं, पण तेव्हापासून पांढऱ्याशिवाय दुसरा धागा अंगाला लावला नाही.”

शिवरानीला रडू आवरेना. मांडवापर्यंत येऊन लग्न मोडलेल्या पोरीला आता कोण विचारणार? घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला काय सांगायचं, आणि कुमुदला काय?

माळ थांबली.

“फेरीवाल्याकडे दोन होत्या,” अम्माजी म्हणाल्या.

त्रिलोकीनाथ वळले. “मग दुसरी कुणी घेतली, अम्मा? नाव सांगा. तिचंही हुक्कापाणी बंद करतो, वाळीतच टाकतो.”

अम्माजी खाटेवरून हळूहळू उतरल्या. शिवरानीच्या पुढ्यातली शाल त्यांनी उचलली, झटकली आणि अंगभर लपेटून घेतली.

“जनान्यात अंधार असतो, लल्ला. लाल काय नि पांढरं काय, कुणाला दिसतंय?”