तळाचा शिरका

साजिदाबी पाण्यातून वर आली. होडीचा काठ धरून तिने तोंडातली नळी काढली. "मामा, एकोणीस जिवंत आहेत."

"मग? म्हणत नव्हतो, तुझं औषध लागू पडणार!" आटकोयाने तिला वर घ्यायला हात पुढे केला. "आता येऊ देत उद्या कोचीचे साहेब."

तिने हात धरला नाही. खाली लोखंडी चौकटीवर प्रवाळाचे वीस तुकडे बांधलेले होते. सोमवारी तिने स्वतः मोजले तेव्हा त्यातले सोळा मेलेले, शेवाळ धरलेले. समुद्र तापला की प्रवाळाच्या अंगावरचे चांगले जंतू आधी जातात, मग प्रवाळ. तसले जंतू बाटलीत वाढवून तीन महिने ती एक दिवसाआड पिचकारीने या तुकड्यांवर सोडत होती. निम्मे तरी जगले नाहीत तर काम बंद, असं साहेबांनी कळवलं होतं. आणि मेलेलं प्रवाळ चार दिवसांत उठून बसत नाही.

"मामा, खालच्या गाठी तुझ्या आहेत."

"कसल्या गाठी?"

"गळाच्या. ओढली की आवळणाऱ्या. मला ती गाठ अजून जमत नाही म्हणून तूच हसतोस."

चोरी पकडल्यावर माणूस जरा तरी ओशाळतो. आटकोया हसला. "एक मेलेला मुद्दाम ठेवला. वीसच्या वीस जगले असते तर साहेबांना संशय आला असता." मग त्याचा आवाज उतरला. "पोरी, सोमवारपासून तू धड जेवली नाहीस. माझ्या बहिणीची लेक डोळ्यांदेखत सुकतेय, ते बघत बसू?"

"पण एवढे जिवंत तुकडे आणलेस कुठून?"

तो डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधायला लागला.

"धक्क्यावर एकेकाला विचारत फिरले मी. या उन्हाळ्यात रंग न गेलेलं एक तरी प्रवाळ दाखवा म्हणून पाया पडायची बाकी होते. तुलाही विचारलं होतं, मामा."

"चाल्याची जागा कुणी सांगतं का?" तो चिडून म्हणाला. "ट्यूनाच्या गळाला लावायचे हे बारके मासे कुठे धरतो, ते आपल्याकडे माणूस कबरीत घेऊन जातो. माझ्या पोराला, हमीदलाही सांगितलं नाही मी. तुझ्यासाठी तिथलं प्रवाळ मोडलं."

साजिदाबी होडीत चढली. "चल तिकडे."

इंजिन सुरू झालं.

"रांजणाच्या तळाशी जुना आंबट शिरका ठेवल्याशिवाय नीरेचा नवा शिरका होत नाही, हे तुला मी सांगायचं?" ती म्हणाली. "ते एकटं प्रवाळ या कढत पाण्यात टिकलं. कशाच्या जोरावर, ते त्याच्या अंगावरच्या जंतूंत होतं. तेच विरजण शोधत होते मी."

"मग त्या तुकड्यांवरून घे की खरवडून."

"तोडलेल्या फांदीवर दुसऱ्या दिवशी सडवणारे जंतू चढतात. आता तिथे माझ्या कामाचं काही नाही. ते तुकडे आठवडाही काढायचे नाहीत."

आटकोयाने थोडा विचार केला. "उद्या दुपारपर्यंत तरी काढतील ना?"

तिला रडू फुटलं. त्याला ते कळलं नाही, किंवा कळून तो समोर बघत राहिला. एका जागी त्याने इंजिन बंद केलं. कुठलीच खूण नव्हती, पण तो चुकणारा नव्हता.

"मामा, कितीही नड असली तरी आपल्या घरात शिरक्याचा रांजण पुसून कुणी रिकामा केलाय कधी?" तिने डोळ्यांवर काच चढवली. "तळाशी काही ठेवलंस का?"

"चौदाच तुकडे निघत होते," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पंधराव्यासाठी बुंधा पहारीने उचकटला."

तिने पाण्यात डोकं घातलं. खाली खडकावर परातीएवढा पांढरा डाग होता. त्याच्या हातभर वर, जिथे फांद्या होत्या तिथे, चाल्याचे मासे अजून वाट काढत, वळणं घेत फिरत होते.