सावकाश उठा, ताई

स्तनातला कर्करोग तिच्या हाडांत पोचला होता. गोळ्यांनी वेग मंदावला का, हे आजच्या स्कॅनमध्ये कळणार होतं. स्कॅन काढणारा महाखडूस. ‘हलू नका, पुन्हा काढणार नाही,’ असं दर खेपेला खेकसायचा आणि तिला धीर यायचा. आज मात्र मॉनिटर पाहून तो काचेआडून आला. त्याने तिच्या चपला पायांपाशी सरळ ठेवल्या. ‘सावकाश उठा, ताई.’ बाहेर बसलेल्या नवऱ्याने विचारलं, ‘काय म्हणाला खडूस?’ ‘सावकाश उठा म्हणाला. ताई म्हणाला.’ नवऱ्याचा चेहरा उतरला. ‘त्याला बढती मिळाली असेल,’ तो कसाबसा हसत म्हणाला आणि जन्मात भाजीची पिशवीही न उचललेल्या त्या माणसाने तिच्या खांद्यावरची पर्स हळूच काढून घेतली. तिने ती परत हिसकावली. ‘द्या इकडे. निदान तुम्ही तरी माझ्याशी चांगलं वागू नका.’