कुंकवाचा बॉल

“थांबा! कुकू लावाचं राह्यलं!”

उकंडराव माइकवरून ओरडले आणि आंतरराष्ट्रीय व्यावसायिक पूल अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना ऐन शेवटच्या डावात थांबला. काठी घेऊन वाकलेला राजपाल सरळ झाला. टेबलावर आता तीनच बॉल उरले होते. मारायचा पांढरा, जरा बाजूला काळा आठ नंबर आणि कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी टेकलेला नऊ नंबर. नऊ नंबर आत घालील तो विजेता. अट एकच, पांढरा आधी आठला लागला पाहिजे. नाही लागला तर फाउल, आणि पाळी सुकेशनीची. सुकेशनी चुकत नसे, ही या स्पर्धेतली एकमेव अडचण होती.

बाकी सगळे उकंडरावांनी जमवून आणले होते. अनसिंगचे मंगल कार्यालय त्यांचे स्वतःचे, टेबल बोहल्यावर मांडलेले, आणि राजपाल त्यांचा एकुलता एक मुलगा. नेपाळचा एक खेळाडू खरोखरच आला होता, म्हणून स्पर्धा आंतरराष्ट्रीय. उपांत्य सामन्याआधी उकंडरावांनी त्याला घरी जेवायला नेले आणि रोडग्यांचा असा आग्रह केला, की बिचाऱ्याला टेबलावर वाकताच येईना. पाहुणचाराला नाव ठेवायला जागा नव्हती. रिठदच्या सुकेशनीलाही आमंत्रण होते. पण ती बँकेत नोकरी करणारी मुलगी, घरून डबा आणायची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर राजपालच्या लग्नासाठी. मुलगा काय करतो, असे मुलीकडचे विचारत. खेळतो, असे सांगितले की ते पोटासाठी काय करतो, असे विचारत आणि चहा अर्धा टाकून उठत. राजपाल खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. उकंडरावांचा त्याच्यावर फार जीव होता. ते बंद दार त्यांना बघवत नसे. शेवटी इंझोरीचे जगदेवराव तेवढे म्हणाले होते, “कप दाखवा, मंग मी पोरगी दाखवतो.” उकंडरावांनी स्पर्धाच भरवली. बसस्टँडवर ‘आंतरराष्ट्रीय विजेता राजपाल’ असा बॅनरही कालच लावून टाकला होता. नंतर उगाच घाई नको.

राजपालची आई लिलाबाई पूजेचे ताट घेऊन बोहल्यावर आल्या. त्यांनी पांढऱ्या बॉलला बोटभर कुंकू लावले.

“अशी टिकली काय लावतं?” उकंडराव म्हणाले. “नजर लागली हाय पोराले. तेलात कालव अन् सगळा माखव!”

लिलाबाईंनी नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. बॉल शेंदऱ्या मारुतीसारखा लालभडक होऊन टेबलावर आपल्या जागी बसला. नागपूरहून आलेला पंच चाचरत म्हणाला, “साहेब, हे नियमात बसत नाही. पुसावा लागेल.”

“कुकू पुसाचं नाव काढाचं नाही! मी जित्ता हावो अजून!”

यावर कोणत्याही देशाच्या नियमावलीत उत्तर नव्हते. पंचाने सुकेशनीकडे पाहिले.

“राहू द्या,” ती म्हणाली. “मले काई फरक नाही पडत.”

राजपाल पुन्हा वाकला. तेवढ्यात फाटकापाशी फटाक्यांची लड कडाडली. जगदेवराव आले होते. व्याही व्हायच्या लायकीचा माणूस फटाक्यांशिवाय आत घ्यायचा नाही, हा हुकूम उकंडरावांचाच. सगळ्या माना फाटकाकडे वळल्या, पंचाचीही, फोटोग्राफरचीही. मागे टक् असा आवाज झाला. लोकांनी वळून पाहिले तर नऊ नंबर भोकात गेला होता.

मंगल कार्यालय दणाणले. खेळ कोणी पाहिला नव्हता, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या.

“काकाजी, आठले लागलाच नाही तो,” सुकेशनी म्हणाली. तिने मान वळवली नव्हती.

पंचाने कपाळावरचा घाम पुसला. “मी पाहिलं नाही. आणि पंचाने पाहिलं नसेल, तर फायदा मारणाऱ्याला मिळतो.”

उकंडरावांचे डोळे भरून आले. जगदेवरावांना पहिल्या रांगेत बसवून ते माइक घेऊन बोहल्यावर चढले. “आमचा राजपाल,” एवढे म्हणून त्यांनी कौतुकाने टेबलाकडे पाहिले, आणि तोंडापाशी धरलेला माइक खाली आला.

हिरव्या कापडावर तेलकट लाल रेघ उमटली होती. राजपालच्या काठीपासून निघून ती थेट कोपऱ्यातल्या भोकाशी गेली होती. आठ नंबर त्या रेघेपासून चांगला वीतभर लांब, काळा कुळकुळीत उभा होता. ही रेघ वाचायला पंचाची गरज नव्हती. शाळेत न गेलेल्यालाही ती वाचता आली असती.

पंच अजून चषकाजवळ होता. जगदेवराव हार घालून घेत होते. उकंडरावांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढला, टेबल साफ करतो आहोत असा चेहरा केला आणि रेघेवर घासायला सुरुवात केली.

वीतभर रेघ पुसून झाली असेल नसेल, तोच लिलाबाईंच्या हातातले ताट खाली पडले. त्या धावत आल्या आणि त्यांनी नवऱ्याचे मनगट घट्ट धरले. उकंडरावांच्या दुसऱ्या हातातला माइक चालूच होता. त्यामुळे पंचाने, राजपालने, पहिल्या रांगेतल्या जगदेवरावांनी आणि थेट फाटकापर्यंतच्या माणसांनी लिलाबाईंचा रडवेला आवाज ऐकला आणि सगळ्या माना टेबलाकडे वळल्या.

“अवो, तुमी जित्ते हा ना अजून? मंग एवढ्या लोकाईसमोर कुकू काहून पुसून राह्यले?”