नटाची नळी

रायफलीची नळी बसवायची तर लेथवर तिला नेमका खांदा, म्हणजे रायफलीला घट्ट टेकणारी पायरी, कापूनच, हा यशया मिस्त्रींचा नगरच्या दुकानातला चाळीस वर्षांचा हट्ट. नट फिरवून जुळवायची नळी म्हणजे त्यांच्या लेखी आळशाचं काम. म्हणून नेमबाज लेकीच्या रायफलीसाठी त्यांनी खणातून नट काढला, तेव्हा सिल्व्हिया चपापली.

"पप्पा, हात थरथरतो का?"

"न्हाई. खांदा आजबी कापीन. पण मग नळी झिजली की दर वेळी बदलायला तुला मीच लागनार."

"मग? तुम्ही आहातच की!"

यशयांनी पाना तिच्या हातात दिला.

"डॉक्टर नाताळापर्यंतचं बोललेत. हां, आता नट आवळ. मी बघतो."