भुशावरचं बाळसं

अहवालात एकच वाक्य लिहायचं राहिलं होतं आणि मॅडम सकाळपासून तेच टाळत होत्या.

तीन वर्षांपूर्वी एका कुजक्या ओंडक्यावर त्यांना ही पांढरी बुरशी सापडली. तिनं लाकडाचा पार भुगा केला होता. लाकूड फोडून त्याची साखर करणारं एन्झाइम हिच्याकडून भरपूर मिळेल, अशी मॅडमची खात्री होती. मात्र तिला लाकडाच्या भुशाशिवाय काही द्यायचं नाही. आयतं मिळालं की माणूस हलत नाही, बुरशी तरी कशाला हलेल? हे त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत.

पण ही बया काचेच्या चंबूत नुसतीच माजायची. एन्झाइम मोजायला जावं तर जवळजवळ शून्य. भुसा बदलला, तापमान बदललं, दिवस वाढवले. हाताखालची विद्यार्थिनी कंटाळून दुसरीकडे गेली. मॅडम चिकटून राहिल्या आणि थकत गेल्या.

खूश होते फक्त मामा. प्रयोगशाळेत भुसा भिजवून चंबू भरायचे आणि वाफेच्या टाकीत निर्जंतुक करायचे, हे काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. हात इतका स्वच्छ की त्यांचा चंबू कधी नासला नाही. बुरशी वाढली की उजेडाकडे धरून म्हणायचे, "बाळसं बघा मॅडम." मॅडमना हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

दुपारी संचालकांचा निरोप आला. अहवाल आजच हवा, खोली दुसऱ्यांना द्यायची आहे. मॅडमनी लिहून टाकलं, ही बुरशी निरुपयोगी आहे. सही करून अहवाल पाठवला आणि सगळे चंबू, जपून ठेवलेल्या मूळ बुरशीच्या नळ्यासुद्धा, वाफेत घालून मारायला मामांना सांगितलं.

मामांनी सगळं टाकीत भरलं. तासाभरानं त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. आत पिवळट लगदा झाला होता. एवढी वर्षं फुकट गेली, म्हणून मॅडमना रडू आलं. मामांनी त्यांना स्टूल दिलं.

"तुम्ही फार जीव लावलात मामा," त्या म्हणाल्या.

"मुकी जात ती, मागणार कुणाकडे?" मामा डोळे पुसत म्हणाले. "एवढंच समाधान की उपाशी नाही मेली. नुसत्या भुशावर कधी ठेवलं नाही मी तिला. तीन वर्षं दर चंबूत दोन चमचे साखर घालत आलो, घरून आणून."