सेक्रेटरींची हरकत

सोसायटीसमोर होणाऱ्या शॉपिंग सेंटरला पहिली हरकत सेक्रेटरींनीच घेतली होती. पण प्रत्येक सुनावणीला बायको नटूनथटून सोबत यायला लागली. बिल्डरचा देखणा इंजिनिअर नकाशा तिच्याकडे वळवून "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" असं विचारायचा आणि तीही खुलून बोलायची. सेक्रेटरींचा नुसता जळफळाट व्हायचा. घरी तिने त्यांचं एक वाक्य कधी धड ऐकून घेतलं नव्हतं!

शेवटी न राहवून ते भर सुनावणीत उठले. "आमची काही हरकत नाही. खुशाल बांधा!" सुनावण्या संपल्या, ब्याद टळली.



सोमवारी त्यांच्या स्वयंपाकघरासमोरच पत्र्याचं साइट ऑफिस उभं राहिलं आणि त्याच्या खिडकीतून हाक आली, "वहिनी, आता दोन वर्षं आपण शेजारी!"