रुळांवरचं कुंकू

"पुन्हा अडली!" नंदकिशोर ओरडला. "नीलिमा, आधी इकडे ये."

हॉलमधली सतरंजी गुंडाळून भिंतीशी उभी केली होती आणि फरशीवर रुळांचं गोल कडं मांडलं होतं. कारखान्याने एकदा ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं, तेव्हा त्याने ही विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणली होती. बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्यांच्या घरात दर आयुधपूजेला स्कूटर, मिक्सर, पकडी यांच्याबरोबर तिचीही पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, ती धावायची. आज मात्र वीतभर पुढे जाऊन गचका खायची आणि थांबायची.

"इंजिनाला लाव म्हटलं होतं, रुळांना नाही. मध्ये हळदकुंकू आलं की करंट चाकांपर्यंत पोचत नाही. एवढंही कळू नये?"

"स्वल्प लावलं हो. शास्त्रापुरतं."

"त्या स्वल्पानेच घात केलाय!"

ती ओलं फडकं घेऊन रूळ पुसायला बसली. त्याने रुळांचे सांधे आवळले, चाकं पुसली, तारा तपासल्या. गाडी गचके खातच राहिली.

कारखान्यात त्याचा मोठा दरारा होता. कुणी मशीनची तक्रार घेऊन आला की 'नाचता येईना अंगण वाकडं' असं सुनावून तो परत पाठवायचा. वर्षापूर्वी कारखान्याने त्यालाच स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी पाठवलं. आता पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या, साचे-हत्यारं घडवणाऱ्या एका टूलरूमचं बोलावणं आलं होतं. सोमवारी मशीनवर उभं राहून केसाएवढ्या मापाचं काम करून दाखवायचं होतं. वर्षभरातलं हे पहिलंच बोलावणं, आणि घर आता त्या बोलावण्यावरच टेकलं होतं. म्हणून आज गाडी धावायला हवी होती. शकुन म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा.

"पाण्याने भागणार नाही. स्कूटरमधून थोडं पेट्रोल काढून आणतो," म्हणत तो जिना उतरला.

गाडीचा वेग ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या बटणाला त्याने आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. नीलिमाने सहज ते फिरवलं. गाडी निघाली. खुर्चीखालून, टीपॉयला वळसा घालून, कुठेही न अडखळता तिने पुरी फेरी मारली. मग दुसरी.

"अहो, चाल..." ती आनंदाने हाक मारायला गेली आणि शब्द तोंडातच राहिला.

हल्ली त्याच्याकडून बशीत सांडणारा चहा. दाढी करताना होणाऱ्या जखमा. ती बिचारी ब्लेडच्या कंपनीला शिव्या देत होती. रूळ स्वच्छ होते, तारा ठीक होत्या. थरथरत होता तो त्याचा हात.

जिन्यावर चपला वाजल्या. तिने बटण बंद केलं, धावत देवघरात गेली, कुंकवाच्या पाण्यात बोट बुडवलं आणि परत येऊन रुळांवर दोन-तीन ठिकाणी फासलं. पदराला बोट पुसते न पुसते तोच तो आत आला.

"हे बघा, मीच वेंधळी," ती घाईघाईने म्हणाली. "इथे राहूनच गेलं होतं पुसायचं. सगळा दोष याचाच."

नंदकिशोर खाली वाकला. त्याने रुळावरून बोट फिरवलं. कालचं कुंकू एव्हाना वाळून खडखडीत व्हायला हवं होतं. हे ओलं होतं. बोटावरचा लाल ठिपका तो बराच वेळ बघत राहिला. बोट हलत होतं. आज पहिल्यांदाच त्याने ते लपवलं नाही.

तो ओरडेल म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सोमवारी," तो हळूच म्हणाला, "तिथल्या मशीनलाही कुंकू लावायला येशील का?"